चुनेवाला पडतो तेव्हा

“बघ हां, आता बघ. आता! सांग, काय म्हणतोय त्यो?” संग्रामनं चित्र थांबवलं आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली.

संगणकाच्या पडद्यावरचा माणूस जमिनीवर उताणा पडला होता. अंगात काळा कोट, तोंडाला पांढरी पावडर, शेजारी कलंडलेली चुन्याची बादली. तोंड उघडं.

“शिवी देतोय,” मी म्हणालो. “शिडी धरणाऱ्याला.”

“एवढी लांबलचक शिवी असती व्हय? शकूताई, तुम्ही सांगा.”

शकूताई बेडगकर पेटीच्या भात्यावर हात ठेवून कोपऱ्यात बसल्या होत्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. चित्राकडं त्यांची अर्धी पाठ होती. “कुणाला तरी हाक मारतोय असं वाटतं,” त्या म्हणाल्या. “आणि ते सारखं सारखं लावू नकोस रे बाबा. एकदा बघितलं तेवढं पुरे झालं मला.”

“अहो ताई, हसायचं असतंय ते.”

“असेल,” शकूताई म्हणाल्या आणि उगाचच पट्ट्या पुसायला लागल्या.

कोल्हापुरात संग्रामच्या माडीवर आम्ही तिघं दुपारभर तालीम करायचो, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. संग्राम पोवार तेव्हा घराघरांत पोचला होता. टीव्हीवरच्या कॉमेडी कार्यक्रमात नुसता माईक हातात धरून उभा राहायचा आणि बायको, पेट्रोल, मोबाईल, शेजारी अशा कशावरही बोलून लोकांना लोळवायचा. आमच्याच गल्लीतला, माझ्याच वर्गातला. शाळेतही त्याची जीभ थांबायची नाही, आणि मास्तर मात्र छडी घेऊन माझ्याकडं यायचे, कारण हसायचो मी.

मी दिगंबर भोरे. बालनाट्यातलं माकड, ऐतिहासिक नाटकातला दुसरा मावळा, कुठल्याशा नाटकात चक्क झाड. वाक्य मला कुणी द्यायचं नाही आणि दिलं तरी मी त्याची माती करायचो. मला येत होतं ते एकच. मला पडता यायचं. जिन्यावरून, सायकलवरून, चालत्या बैलगाडीतून, कसंही. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा आणि पुढच्याच क्षणी त्याला हसू फुटावं, असं पडणं सोपं नसतं. पण या विद्येला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. सगळीकडं बोलणाऱ्यांचं राज्य होतं.

म्हणून संग्रामनं ‘जुनं हसू, नवं हसू’ हा कार्यक्रम काढला, तेव्हा मी एका पायावर तयार झालो. कल्पना त्याचीच. चित्रपटाच्या एका जुन्या वितरकाचं गोदाम रिकामं होत होतं, तिथं त्याला गंजलेल्या डब्यात मूकपटाचा एक तुकडा सापडला. मुंबईच्या एका मित्राकडून त्यानं तो डिस्कवर घेतला. नाव नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. एक माणूस शिडी चढून भिंतीला चुना मारतोय. शिडी डुगडुगते. तो सावरतो, बादली डोक्यावर घेतो, पुन्हा सावरतो, आणि मग शिडीच जाते. धाडकन खाली. पडल्या पडल्या तो तीनदा तोंड उघडतो, मागं उभी असलेली एक कामकरी बाई तोंडाला पदर लावून गदगदा हलते, आणि तिथंच तुकडा संपतो. त्याचं नाव आम्हाला कुठंच मिळालं नाही. आम्ही त्याला चुनेवाला म्हणायचो.

रंगमंचावर मागं हा तुकडा चालायचा. मग पुढं मी तेच सगळं जिवंत करून दाखवायचो, तोंडातून हूं की चूं न काढता. दुसऱ्या बाजूला संग्राम माईक घेऊन उभा. चुनेवाल्याचं आणि माझं तोंड उघडलं की त्यात शब्द घालायचे संग्रामनं. तालमीत त्यानं शंभर वाक्यं घालून बघितली आणि शेवटी एक पक्कं केलं. “हॅलो... हॅलो... रेंज नाही!” मोबाईल तेव्हा नुकतेच सगळ्यांच्या हातात आले होते. हे वाक्य आलं की लोक खुर्चीतून घसरायचे. शेवटी प्रेक्षकांना विचारायचं, कुणाचं हसू मोठं, जुनं की नवं? टाळ्यांचा कौल नेहमी संग्रामला.

मला ते लागायचं. पडायचो मी, माझी हाडं खिळखिळी व्हायची, लोक हसायचेही. पण छप्पर उडायचं ते त्यानं तोंड उघडल्यावर. मला एकदा, एकदाच, असा हशा हवा होता ज्यात संग्रामचा एक शब्द नाही.

त्यासाठी मी चुनेवाल्याच्या मागंच लागलो. त्याचे खांदे, गुडघे, हवेत क्षणभर अडकल्यासारखं थांबणं, सगळं उचललं. ते तीनदा तोंड उघडणं तर आरशासमोर बसून घोटलं. पहिल्यांदा थोडंसं. दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा हनुवटी वर जाते आणि गळ्याची शीर टरारून फुगते. ती शीरसुद्धा मला जमली तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. आई दारातून बघत राहिली. “ते तोंड तेवढं करत जाऊ नकोस दिगू माझ्यासमोर,” ती म्हणाली. का, असं विचारेपर्यंत आत निघून गेली.

शकूताईंचा आणि माझा एक ठराव होता. पेटी घेऊन त्या रंगमंचाच्या डाव्या कडेला बसायच्या. तिथून त्यांना माझं तोंड दिसायचं नाही, पाय दिसायचे. मी पडलो की त्या एक धावती, मजेची चाल वाजवायला घेत. हशा भरात असेपर्यंत मी मेल्यासारखा पडून राहणार. ओसरायला लागला की उजव्या पायाचा अंगठा हलवणार. अंगठा हलला की त्या चाल आटोपणार, आणि चाल संपली की संग्राम बोलायचं थांबणार, मी उठणार. हसत्या माणसाला मध्येच उठून थांबवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तिघांचीही घडी नीट बसली होती.

गडहिंग्लजचा प्रयोग रविवारी दुपारी होता. नाट्यगृह गच्च, पंखे घरघरतायत, पोरंबाळं पुढच्या मोकळ्या जागेत सतरंजीवर. सकाळी आम्ही नेपथ्याची भिंत उभी केली तेव्हाच माझ्या लक्षात आलं की इथला रंगमंच पुढच्या बाजूला उतरता आहे. मी शिडीच्या पायांखाली खडूच्या खुणा केल्या, पडायची गादी दोनदा सरकवून बघितली, आणि समाधान झालं.

पडदा उघडायच्या आधी संग्राम माझ्या तोंडावरची पावडर बोटानं सारखी करत म्हणाला, “भावा, आज जरा मनापासनं पड. आज पब्लिक लै भारी हाय.”

“तू आज जरा कमी बोल,” मी म्हणालो.

“बरं बाबा. आज पहिला हशा तुझा. तू पडल्यावर मी तोंडच उघडत न्हाई, तू उघडंस्तोवर.”

मागं चुनेवाला चालू झाला. लोक हसायला लागले. तो पडला, संपला, पुन्हा सुरू झाला. आमचा मशीनवाला तो तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहायचा, तसं ठरलंच होतं. मी शिडी घेऊन आलो आणि चढलो. डुगडुगलो, सावरलो, बादली डोक्यावर घेतली. हशाच्या लाटा खालून वर येत होत्या. मग मी शिडी सोडायच्या आतच शिडीनं मला सोडलं. तिचा एक पाय उतारावरून सुळकन सरकला, गादी जिथं होती तिथं मी गेलोच नाही, आणि भिंतीच्या लाकडी चौकटीवर पाठीनं आदळलो.

एक आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला, कारण तो माझ्या आतून आला होता.

आणि मग हशा! असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. संग्राम अवाक्षर बोलला नव्हता. बायका, म्हातारे, पोरं, सगळं नाट्यगृह उसळलं होतं, आणि त्यातला कण न कण माझा होता. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. मनात म्हटलं, घे संग्राम, हे घे!

मग मी श्वास घ्यायला गेलो आणि श्वास आला नाही.

तोंड उघडलं. छाती जागची हलेना. पुन्हा उघडलं, आणखी मोठं. हवा समोर होती, सगळीकडं होती, माझ्यात तेवढी येत नव्हती. तिसऱ्यांदा हनुवटी आपोआप वर गेली आणि गळ्यात काहीतरी टरारलं.

“हॅलो...” माईकवर संग्रामचा आवाज. “हॅलो... रेंज नाही!”

छप्पर उडालं.

डोकं मागं गेल्यामुळं मला मागचा पडदा उलटा दिसत होता. त्यावर उलटा चुनेवाला पडला होता, भलामोठा, माझ्या डोक्याच्या अगदी वर. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आमची तोंडं समोरासमोर होती. आणि तेव्हा मला कळलं, तो काय म्हणतोय ते. शिवी नव्हती, हाक नव्हती. तो काही म्हणतच नव्हता. त्याला श्वास येत नव्हता.

महिनाभर मी आरशासमोर बसून ते घोटलं होतं.

थोड्या वेळानं हवा आत यायला लागली, चमचाभर, मग आणखी थोडी. पेटीची चाल चालली होती. मी अंगठा हलवला. म्हणजे हलवायचं मनात आणलं. चाल संपली नाही. मी पुन्हा हुकूम सोडला, सगळा जीव पायाकडं लावून. माझे पाय तिकडं कुठं तरी होते, पण ते माझे आहेत असं आतून काही समजेना. शकूताईंनी तीच ओळ पुन्हा घेतली. मग पुन्हा, जरा जलद, कारण मी इशारा द्यायला उशीर करतोय असं वाटलं की त्या लय वाढवून मला आठवण करायच्या. चाल गरगर फिरत होती. मी अंगठा हलवल्याशिवाय ती थांबणार नव्हती, ती थांबल्याशिवाय संग्राम थांबणार नव्हता, आणि तो थांबल्याशिवाय लोक.

“बॅलन्स संपला वाटतं ह्याचा,” संग्राम म्हणत होता. “कोण रिचार्ज मारतंय? मावशी, तुम्ही मारताय?”

हशा.

“संग्राम,” मी म्हणालो. ओठ हलले, आवाज माझ्या कानापर्यंतसुद्धा आला नाही. संग्रामला ओठ दिसले. मी ठरल्यापेक्षा जास्त काहीतरी करतोय, रंगात आलोय, असं त्याला वाटलं असणार. त्यानं लगेच माझा आवाज काढला. “मिस्ड कॉल दिलाय, उचला की आता!”

पुढची पोरं सतरंजीवर गडाबडा लोळायला लागली. माझ्या तोंडावरून घामाचे ओघळ चालले होते आणि पावडर वाहून कानात जात होती. तेही लोकांना मजेचं दिसत होतं. मी डोळे फिरवले, लोक हसले. मिटले, हसले. काहीही केलं तरी हसतील हे लक्षात आलं, तेव्हा मला जी भीती वाटली ती पाठीच्या दुखण्यापेक्षा मोठी होती. मी तिथं मरून पडलो असतो तर तो हशा आणखी वाढला असता, आणि मग ओसरला असता, आणि तेव्हा कुठं कुणी तरी जवळ आलं असतं.

पेटी ओळीच्या मधेच थांबली.

मी डोळ्यांच्या कडेनं बघितलं. शकूताई उभ्या राहिल्या होत्या. माझ्या पायांकडं बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. “ती बघा, पेटीवाली बाई बी हसायला लागली!” पुढून कुणीतरी ओरडलं आणि नव्यानं हशा उठला.

मागच्या पडद्यावर ती कामकरी बाई तशीच उभी होती, तोंडाला पदर लावून, गदगदा हलत. आम्ही तिला बघून कितीदा म्हटलं होतं, बघा कशी हसतेय!

संग्रामनं शकूताईंकडं बघितलं. मग वर पडद्याकडं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्या कार्यक्रमात पहिल्यांदाच खरं बघितलं. माईक त्याच्या तोंडाशीच होता.

“दिगू?” तो म्हणाला.

सगळ्या नाट्यगृहात तो आवाज घुमला. त्यालाही लोक हसले.

मला दाराच्या फळीवर घालून नेलं म्हणतात. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मणका पिचला होता. डॉक्टरांनी बरंच सांभाळलं, पाय हळूहळू परत आले, पण पूर्वीसारखे नाहीत. काठी लागते, आणि पडणं बंद. संग्राम दवाखान्यात रोज यायचा आणि स्टुलावर बसून असायचा. एवढा बोलणारा माणूस, मोसंबी सोलायचा आणि गप्प. शेवटी एक दिवस त्यानं मान खाली घालून विचारलं, “मला कसं कळलं न्हाई रं?”

“मी हुबेहूब केलं म्हणून,” मी म्हणालो.

त्याला हसावं की रडावं कळेना. मग रडला.

“त्याचं पुढं काय झालं असंल?” डोळे पुसत तो म्हणाला. नाव घ्यायची गरज नव्हती. आमच्या तिघांच्याही मनात दुसरं काही नव्हतंच. त्या माणसालाही कुणीतरी उचललं असेल. किंवा नसेल. कॅमेरा कुणीतरी फिरवत होतं, एवढं नक्की. आणि मग कुणीतरी तो तुकडा कापून, जोडून, लोकांना हसायला पाठवून दिला होता. शकूताईंनी पुन्हा त्या चित्राला पेटी धरली नाही. संग्रामनं कार्यक्रम बंद केला आणि डबा कपाटात टाकला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शकूताई गेल्या. संग्राम टीव्ही सोडून पोरांना नाटक शिकवतो. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजनं त्याला बोलावलं, जुनी विनोदी चित्रं आणि आजची कॉमेडी यावर बोलायला. त्या तुकड्याचं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. संग्राम नाही म्हणत होता. मीच म्हटलं, दाखवू या. मीही येतो. मला एवढंच हवं होतं की एकदा तरी, एका खोलीभर माणसांनी त्या माणसाकडं न हसता बघावं. त्याचं देणं लागत होतो असं नव्हे, पण इतकी वर्षं त्याचं तोंड माझ्या तोंडात होतं.

संग्राम छान बोलला. पूर्वीची माणसं अंगानं कशी हसवायची, आता आपण जिभेनं कसं हसवतो, आणि जिभेला सगळीकडं शब्द घालायची कशी खोड असते. मग म्हणाला, “आता जे दाखवणार आहे त्यातला माणूस नाटक करत नाहीये. तो पडल्यावर तोंड उघडतो, कारण त्याला श्वास येत नाहीये. मागं बाई आहे, ती हसत नाहीये. बघा.” माझ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, तसं मी बजावलं होतं.

दिवे गेले. मी पहिल्या रांगेत, संग्राम माझ्या शेजारी येऊन बसला. चुनेवाला शिडी चढला. मागं शंभरएक पोरं, पण चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. तो डुगडुगला. बादली डोक्यावर घेतली. कुणी हसलं नाही. शिडी गेली, तो हवेत थांबला, आणि पडला. एका पोरीनं ‘अगं आई गं’ म्हटलं. मला बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल.

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, आणखी मोठं. मग हनुवटी वर गेली आणि गळ्याची शीर फुगली.

त्या शांततेत कुणीतरी खळखळून हसलं. पोटातून, मोकळं, थांबता न येणारं हसू. आजूबाजूला माना वळल्या. मला संताप आला आणि मी मागं वळून बघायला गेलो, तेवढ्यात संग्रामनं माझा दंड घट्ट धरला. “दिगू,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “दिगू, अरे बास कर, लोक बघायला लागलेत.” मी तोंडावर हात दाबून धरला, तरी मला थांबता येईना.